कुप्याच्या दोरीला लागलेला हात

तुमच्या भरवशावर तुमच्या तोंडाकडे बघत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही कधी अर्धंच वाक्य सांगितलं आहे का? विसरून किंवा घाईत नव्हे. पूर्ण वाक्य तुम्हाला कळलेलं होतं, जिभेवर आलेलं होतं, आणि त्यातला न आवडलेला तुकडा तुम्ही जाणूनबुजून गिळलात, असं?

मी गिळला आहे. वाक्य इंग्रजीत होतं, ऐकणारा माझा मामा होता, आणि त्याचं मोल माझ्या मामीच्या खळ्यानं चुकवलं.

खळं म्हटलं की तुम्हाला मळणी आठवेल. मुंबईतल्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात खळं म्हणजे किनाऱ्यावरची मासळी सुकवायची जागा. धुमसून सपाट केलेली, शेणानं सारवलेली. तिच्यावर जवळा पसरायचा, आणि बाजूला बांबू रोवून त्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकवायचे, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की हीच सुकी मासळी अंधेरीच्या बाजारात जाते आणि तिच्यावर घरं चालतात. समुद्रावर पुरुष जातात, पण खळं बायकांचं. मामीला तिचं खळं सासूकडून मिळालं होतं, सासूला तिच्या सासूकडून. कागद कुणाकडेच नव्हता. कागद लागतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

माझं घर अंधेरीला, चाळीत. आई वेसाव्याची, बाबा गिरणीत. आमच्या फळीवर भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त असायची. गिरणीच्या फाटकावर वाटलेली पत्रकं बाबा घडी घालून घरी आणायचे आणि जेवताना मला मोठ्यानं वाचायला लावायचे. शाळेत 'कमळ' वाचायच्या आधी मी 'कामगार' वाचला. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात होतो, इंग्रजी बरी होती, आणि स्वतः पत्रकं लिहायला लागलो होतो. मामीच्या खळ्यावर संकट आल्याचं कळलं तेव्हा मी रात्र जागवून लिहिलं नाही, दुपारच्या तासाला मागच्या बाकावर बसून तासाभरात लिहिलं. मथळा होता: 'आमच्या खळ्याला हात लावाल तर खबरदार!' लाल शाईत छापून मी ते कोळीवाड्यात घरोघर वाटलं. मामाच्या होडीवरच्या म्हाताऱ्या खलाशानं त्यात सुक्या जवळ्याची चटणी बांधून नेली आणि परत आल्यावर मला म्हणाला, "कागूद चांगला हाय रं तुजा. त्याल फुटला नाय."

संकट असं होतं. कोळीवाड्याच्या दक्षिणेला, जुहूच्या अंगाला, नवे बंगले उठत होते. तिथल्या लोकांचा एक क्लब होता. होड्या हाकायच्या, गळ टाकून मासे पकडायचे, संध्याकाळी पत्ते खेळायचे. त्या क्लबला आपल्या होड्या ठेवायला किनाऱ्याची पट्टी हवी होती आणि नाकाला बोंबलाचा वास नको होता. एका अर्जात दोन्ही कामं होत होती. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. क्लबच्या कमिटीचा प्रमुख गोरा नव्हता. आपलाच होता, कुठल्याशा कंपनीत मोठा अधिकारी. सगळे त्याला साहेब म्हणत, मीही इथं तेवढंच म्हणतो.

दिवाळीच्या आधी हा साहेब एका संध्याकाळी स्वतः मामाच्या दारात आला. परदेशातून त्याचा एक पाहुणा यायचा होता. पाहुण्याला नाद एकच, काठी आणि गळ घेऊन भर समुद्रात कुपा पकडायचा. कुपा म्हणजे तो मोठा, निळ्या पाठीचा, लाल मांसाचा मासा. क्लबच्या होड्या तेवढ्या आत जाणाऱ्या नव्हत्या. मामाच्या होडीला नुकतंच इंजिन बसलं होतं, आणि कुठल्या दिवसांत कुठल्या पाण्यात कुपा येतो हे मामाएवढं कुणाला कळत नाही असं साहेबाला दहा जणांनी सांगितलं होतं.

मोडक्यातोडक्या हिंदीत साहेब म्हणाला, पाहुण्याला एक दिवस घेऊन जा. क्लबात एक फळा आहे, सगळ्यांत मोठ्या माशाचं वजन आणि पकडणाऱ्याचं नाव त्यावर रंगवतात. यंदा माझ्या पाहुण्याचं नाव तिथं लागलं पाहिजे. ते झालं, तर त्यानंतरच्या रविवारी मी सगळी कमिटी तुमच्या खळ्यावर घेऊन येतो. कुंपणाची रेघ ओढण्याआधी त्यांनी जागा डोळ्यांनी बघावी, बायकांचं म्हणणं ऐकावं. मी तुमच्या बाजूनं बोलेन.

मामानं मान हलवली. साहेब गेल्यावर मी भडकलो.

"मामा, हा लाच मागतोय तुझ्याकडे."

"लाच कसली रं? एक दिस होरी नेवाची. मानसा घेऊन येतो बोलतंय ना?"

"तो आपला हक्क आहे. हक्कासाठी कुणाला मासे पकडून द्यायचे?"

मामी चुलीपाशी होती. तिथूनच ओरडली, "हक्क हक्क काय लावलायस? उचकी लागली का तुना? पानी पी." मग मामाकडे वळून, "आनि कुपा? येवरा डिजेल जालून कुपा? सुरमय तरी आना. कुप्याला बाजारात कुत्रा विचारत नाय."

"ते खात नाहीत मामी," मी म्हटलं. "ते नुसतं वजन करतात आणि फोटो काढतात."

मामीला मी खोटं बोलतोय असं वाटलं.

मी जाणार नव्हतो. पण पाहुण्याला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि साहेबाची मोडकी हिंदी दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्याएवढी नव्हती. मामा म्हणाला, "तू चल भाच्या. माज्या वतीनं कान तुजं, तोंड तुजं." हे वाक्य मी आजही जसंच्या तसं ऐकू शकतो.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, उजाडताना आम्ही खाडीच्या तोंडाशी उभे होतो. होडीवर तांडेल म्हणजे होडी हाकणारा मामा, म्हातारा खलाशी आणि मी. साहेब आला तो दोन गड्यांच्या डोक्यावर वेताची खुर्ची घेऊन. बंगल्याच्या व्हरांड्यातली असावी, हात असलेली, उंच पाठीची. पाहुणा तिच्यात बसून माशाशी झुंजणार होता. खुर्चीचे पाय दोरखंडानं होडीला बांधता बांधता खलाशी म्हणाला, "तांडेल, सलून काढलाव काय? आदी माजी दारी करा."

मामा हसला नाही. तो पाहुण्याच्या दोरीकडे बघत होता. नायलॉनची, केसासारखी बारीक, आरपार दिसणारी. आमच्याकडे तेव्हा सगळं सुतीच होतं. मामानं ती दोन बोटांत धरली, ताणली, दाताशी नेली आणि मला म्हणाला, "दिसतच नाय रं. मासा फसल नाय तं काय करल?" पाहुणा ते बघून हसला आणि त्यानं आपल्या पेटीतला गळ मामाला दाखवला, पितळी चकतीचा, कोंबड्याची पांढरी पिसं बांधलेला. दोघांनी तो गळ बराच वेळ उलटासुलटा केला. पाहुणा पन्नाशीचा असेल, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. तो वाईट माणूस नव्हता. हे मला मुद्दाम लिहावं लागतंय, कारण तो वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं.

खाडी मागे पडल्यावर पाहुण्यानं मला जवळ बोलावलं. काठी मांडीवर आडवी ठेवून तो सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाला: मासा लागला की तो मी एकट्यानं आणायचा असतो. काठीला किंवा दोरीला दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये. मासा होडीच्या कडेला आला की आकडा घालून वर घ्यायला तेवढी मदत चालते. त्याआधी कुणाचा हात लागला तर तो मासा हिशेबात धरत नाहीत. तुझ्या तांडेलला हे नीट सांग.

साहेब थर्मासचं झाकण उघडत होता. दारूबंदीच्या त्या दिवसांत सकाळी सातला त्या थर्मासातून चहाचा वास येत नव्हता. तो मान न वळवता म्हणाला, "हो, त्याच्या भाषेत समजावून सांग. या लोकांना मध्ये हात घालायची सवय असते."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं.

सवय असते, हे खरंच होतं. आमच्या होडीवरची रीतच ती. कुणाच्या हातातलं ओझं जड झालं की जवळचा माणूस न विचारता हात लावतो. ज्याचा हात लागला त्याचा वाटा. हात मांडीवर ठेवून बघत बसणाऱ्याला वाटा नाही आणि दुसऱ्या दिवशी होडीवर जागाही नाही. माझे आजोबा एकदा तापानं फणफणलेले असताना, जाळं ओढताना त्यांनी नुसती दोन बोटं दोरीला टेकवली होती आणि त्यांना पूर्ण वाटा मिळाला होता, हे आई आम्हाला कितीदा सांगायची.

आणि आता, मामाच्या होडीत बसून, मामाच्या समुद्रावर, मामाला सांगायचं की हात लावू नकोस? सुकाणूवर मामा वाट बघत होता. माझ्या पिशवीत त्या लाल पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता. माझं डोकंही त्या पत्रकांनीच भरलेलं होतं. मला वाटलं, हा अपमान मी माझ्या तोंडानं मामापर्यंत पोचवणार नाही. निदान माझी जीभ तरी यांची चाकरी करणार नाही.

"काय बोलतंय?" मामानं विचारलं.

मी म्हटलं, "म्हणतोय, मासा मी स्वतः पकडणार."

"पकर की," मामा म्हणाला. "त्याच्यासाठीच आलोय."

पाहुण्यानं भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, एवढ्यात झालं? मी मान डोलावली. झालं.

दुपारपर्यंत काही लागलं नाही. किनारा दिसेनासा झाला. साहेब नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाशी, आडवा होऊन ओकत होता आणि खलाशी त्याला लिंबाची फोड देत पुटपुटत होता, "च्या जास्त झाला." पाहुणा खुर्चीत ताठ बसून होता. मग मामानं इंजिन हळू केलं आणि नुसती हनुवटी वर केली. दूर पाण्यावर पाखरं उतरत होती, उठत होती, पुन्हा उतरत होती. त्यांच्याखाली पाणी उकळल्यासारखं. मामानं होडी सरळ तिकडे नेली नाही, मोठा वळसा घेतला, वाऱ्याच्या अंगानं. पाहुण्यानं ते बघितलं आणि आपण होऊन टोपीला हात लावला. त्याला कळलं होतं की हा माणूस काय करतोय.

मासा लागला तेव्हा काठी अशी वाकली की मला वाटलं मोडली. काठीच्या चक्रावरून दोरी किंचाळत निघाली. मामानं इंजिन आणखी हळू केलं. पाहुण्यानं पाय होडीच्या फळीला रोवले, कमरेच्या चामडी पट्ट्यात काठीचा बुंधा अडकवला आणि मागे रेलला.

पाऊण तास तरी गेला असेल. मासा खाली जायचा, पाहुणा हातभर ओढायचा, मासा दहा हात घेऊन जायचा. पाहुण्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. मामा सुकाणूवर उभा, होडीचं तोंड माशाच्या रोखानं फिरवत. त्याचे हात नुसते उघडमीट करत होते. मी ते पाहिलं. तेव्हाही सांगता आलं असतं. एक वाक्य. मामा, हात लावू नकोस. मी बोललो नाही, कारण तेव्हा सांगायचं म्हणजे सकाळी सांगितलं नव्हतं हे कबूल करायचं.

मग एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. मासा होडीखाली घुसला, आणि एक आडवी लाट आली. खुर्चीचा मागचा दोरखंड सुटला. पाहुणा खुर्चीसकट कडेला फेकला गेला, छाती फळीवर, काठीचं टोक पाण्यात. दोरी होडीच्या पोटाखालून इंजिनाच्या पंख्याकडे चालली होती. पंख्याला गुंडाळली असती तर दोरी गेली असती, मासा गेला असता, आणि पट्ट्यानं काठीला जखडलेला माणूस पाण्यात गेला असता.

मामानं सुकाणू खलाशाच्या अंगावर टाकलं आणि दोन ढांगांत तो तिथं होता. एका हातानं त्यानं पाहुण्याचा पट्टा धरला. दुसऱ्या हातानं ती न दिसणारी दोरी पकडली, तळव्याला एक वेढा दिला आणि पूर्ण वजन मागे टाकून तिला पंख्यापासून बाहेर खेचली.

"हाथ मत लगाओ!" साहेब नाळेवरून ओरडला. "छोडो! ए, छोडो!"

मामानं सोडली नाही. आमच्या होडीवर कुणी तोल गेलेल्या माणसाची दोरी सोडत नाही. त्याला वाटलं असणार, साहेब घाबरून ओरडतोय. दोरी मोकळ्या पाण्यात आल्यावर त्यानं वेढा सोडला आणि काठी पाहुण्याच्या हातात सरळ करून दिली. त्याच्या तळहातावरून करंगळीखाली रक्ताची धार लागली होती. नायलॉननं मांस कापलं होतं.

थोड्याच वेळात मासा कडेला आला. खलाशानं आकडा घातला, तिघांनी वर घेतला. माझ्या छातीला लागेल एवढा कुपा. पाठ काळसर निळी, पोट चांदीचं, आणि शेपटीचा फळ्यांवर ढोलासारखा आवाज. खलाशी नाचायला लागला. मामा पाहुण्याकडे बघून हसत होता, दिवसभरात पहिल्यांदा.

पाहुणा मग उठला, मामाचा तो रक्ताळलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि मला म्हणाला: त्याला सांग, त्यानं माझा जीव वाचवला. आणि सांग की हा मासा माझा नाही. मी क्लबात खोटं सांगणार नाही.

या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. मामाला पहिलं वाक्य कळलं, दुसरं कळलं नाही.

"त्याचा नाय? मंग कोनाचा?"

"तुझा हात लागला म्हणून, मामा. त्यांच्यात दुसऱ्याचा हात लागला की मासा धरत नाहीत."

मामानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. "हात लागला म्हंजे बाटला काय मासा?"

याचं भाषांतर मला कुणी मागितलं नाही.

साहेब तोंड पुसत जवळ आला. किनाऱ्यावर क्लबाची माणसं तराजू आणि कॅमेरा घेऊन वाट बघत होती, ती त्यानंच बोलावलेली. तो माझ्याशी बोलला नाही. सरळ मामाला म्हणाला, "सुबह बोला था ना? तुम्हारे भांजे ने बोला था कि नहीं बोला था?"

मामानं माझ्याकडे बघितलं. एवढंच. सकाळचं सगळं, माझं ते छोटं वाक्य, पाहुण्याच्या भुवया, माझी डोलावलेली मान, सगळं त्याला त्या एका नजरेत उमगलं. साहेबाला माझा चेहरा दिसला असता तर त्यालाही उमगलं असतं. पण मामा मध्ये उभा राहिला.

"बोला था साब," मामा म्हणाला. "मैंच भूल गया. मेरा गलती."

परत येताना खलाशानं मामाच्या हाताला फडकं बांधलं. साहेब आणि पाहुणा जुहूला उतरले. मासा आणि खुर्ची होडीतच राहिली. तराजूवाल्यांना साहेबानं हातानंच परत पाठवलं.

वेसाव्याला होडी लावल्यावर मामानं मला वाळूवर थांबवलं. "का रं नाय सांगलास?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. माणसाचा मान, गुलामीची भाषा, ज्याची होडी त्याचा हक्क. मी तीन-चार वाक्यं बोललो. ती चांगली वाक्यं होती, छापण्यासारखी. मामानं ती संपू दिली.

मग म्हणाला, "राग तुजा होता, तं तुजे जवल ठेवाचा. खला माजे बायकोचा होता."

त्यानं मासा रीतीप्रमाणे कापला. होडीचा वाटा, स्वतःचा, खलाशाचा, माझा. आणि एक वाटा पाहुण्याचा, कारण पाऊण तास त्याचाच हात दोरीला होता. तो केळीच्या पानात बांधून मामानं मला जुहूला पाठवलं. साहेबाच्या बंगल्याच्या फाटकावरच्या भय्यानं पान उघडून बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मच्छी अंदर नहीं जाएगा." मी तो वाटा परत आणला. मामीनं मीठ भरून तोही दोरीवर टाकला.

मामीला अजून काही माहीत नव्हतं. मामानं तिला एवढंच सांगितलं होतं की मासा मिळाला. त्यामुळे रविवारी तिनं आणि शेजारच्या बायकांनी पहाटेपासून खळं सारवलं. बोंबील नीट जोडीनं लावले. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली. मध्यभागी मामीनं साहेबाचीच वेताची खुर्ची धुऊनपुसून मांडली, साहेबाला बसायला. मी दूर होडीच्या आडोशाला उभा होतो. दहा वाजले, अकरा वाजले. सारवण वाळून त्याला तडे गेले. खुर्चीच्या पाठीवर एक कावळा येऊन बसला आणि कुणी त्याला हाकललं नाही. दुपारी बायका एकेक करून उठल्या.

मंगळवारी साहेबाचं इंग्रजी पत्र आलं. मी चुलीसमोर बसून ते वाचलं, एकेक वाक्य, मराठीत, काही न गाळता. त्यात लिहिलं होतं की तुमच्या लोकांना त्यांच्याच भाषेत एकच साधा नियम सांगितला होता, तोही त्यांना पाळता आला नाही. असे लोक किनाऱ्याच्या स्वच्छतेचे नियम पाळतील, असं कमिटीला कोणत्या तोंडानं सांगावं? सबब भेटीची आवश्यकता वाटत नाही.

मामी म्हणाली, "नियम? कंचा नियम? कोनी सांगला होता?"

"मना सांगला होता," मामा म्हणाला. त्याचा हात अजून फडक्यात होता.

"नाही सांगितला," मी म्हटलं. "मामी, मला सांगायला सांगितला होता. मी सांगितला नाही."

मला वाटलं ती ओरडेल. शिव्या देण्यात कोळीवाड्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती चुलीतलं लाकूड मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, "तुज्या त्या लाल कागदावर येवरी अक्षरा होती. आनि येक नाय बोलाला आला?"

महिन्याभरात खांब रोवले गेले. तारा ओढल्या गेल्या. मामीचं खळं आणि तिच्या बाजूची दोन खळी तारेच्या आत गेली. मी आणखी पत्रकं छापली, मोर्चात ओरडलो, एक रात्र पोलीस चौकीतही काढली. खळं परत आलं नाही. इतक्या वर्षांनंतरही मामी दुसऱ्या बाईच्या खळ्याच्या कोपऱ्यात, तिच्या मर्जीनं, आपला जवळा पसरते. ज्या जागी तिनं खुर्ची मांडली होती तिथं क्लबाची एक होडी उलटी पडलेली असते. फळ्यावर त्या वर्षी कुणाचंच नाव लागलं नाही, असं ऐकलं.

साहेबाला माझ्याकडून माफी नाही. ज्यानं बायकांची भाकरी एका माशाला बांधली, त्याला ती कधीच मिळणार नाही. माझ्या गिळलेल्या वाक्यानं त्याचा गुन्हा धुतला जात नाही. पण त्याला दार उघडून दिलं ते मी. मामाचा मान राखायला म्हणून मी मामाला आंधळं ठेवलं, आणि इंग्रजी कागद धाडून साहेबही त्याला आंधळाच ठेवत होता. मामाला नियम माहीत असता तर त्यानं तो पाळला असता की तरीही हात घातला असता, मला माहीत नाही. मला वाटतं, घातलाच असता. पण तो त्यानं ठरवून घातला असता, आणि रविवारी काय होणार हे मामीला शनिवारीच ठाऊक असतं. ते ठरवणं मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

आता उरलेल्या पट्टीसाठी दुसरी नोटीस निघाली आहे. खांबाला खिळे ठोकून लावली आहे. इंग्रजीत आहे. हरकती महिनाअखेरपर्यंत घेतील असं तिच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं आहे. कोळीवाड्यातल्या बायका तिच्याखालून टोपल्या घेऊन रोज जातात. अशा नोटिसा फक्त वेसाव्याला नाहीत. तुमच्या गल्लीच्या तोंडाला, वाडीच्या विहिरीपाशी, गोवंडीच्या झोपड्यांच्या भिंतीवर, कुठे ना कुठे असतीलच.

तुम्हाला इंग्रजी येत असेल तर आजच्या आज तिथं जा. ज्यांच्याबद्दल ती लिहिली आहे त्या माणसांना गोळा करा आणि ती त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून तळच्या बारीक अक्षरांपर्यंत. मध्ये त्यांचा अपमान करणारा शब्द आला तर तोही वाचा. तुम्हाला राग आला तर तो वाचून झाल्यावर काढा. एक शब्दही गाळू नका.